व्हायोलिन थांबल्यानंतर : ‘शीक’ बँडचा दुर्लक्षित उत्तरार्ध



स्मृतिव्याख्यानाला डिस्को हा विषय म्हणजे जरा अतिच झाले, असे सभागृहातल्या काही मंडळींना वाटत असेल. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो १९८० च्या ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसनच्या गाण्यातून आणि पुढे दोन वर्षांनी आलेल्या ‘डिस्को डान्सर’मधून, झगमगते कपडे, रंगीत दिवे आणि बप्पी लाहिरींचे संगीत. गंमत अशी, की मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ही लाट चढत होती त्याच काळात अमेरिकेत त्या शब्दाला अवकळा आली होती. आणि ज्या बँडने डिस्कोला त्याचे सर्वांत देखणे रूप दिले, तो न्यूयॉर्कचा ‘शीक’ हा बँड नेमक्या याच वर्षांत एकामागून एक अल्बम काढत होता आणि ते दुकानांत पडून राहत होते. १९८० चा ‘रिअल पीपल’, १९८१ चा ‘टेक इट ऑफ’, १९८२ चा ‘टंग इन शीक’, १९८३ चा ‘बिलीव्हर’. रूढ इतिहासात या चारही अल्बमांची बोळवण एका वाक्यात होते : डिस्को संपला, म्हणून शीकही संपला. मला हे वाक्य खोडून काढायचे आहे. माझे म्हणणे असे, की या काळात, विशेषतः ‘टेक इट ऑफ’मध्ये, बँडने आपल्या संगीतावरची सजावट उतरवून आतला फंक उघडा केला, हे माघारीचे लक्षण नव्हते, तर पहिल्यापासून त्या संगीतात जे होते त्याचाच तर्कशुद्ध शेवट होता. तो कोणाच्या लक्षात का आला नाही, याची कारणे संगीतात कमी आणि संगीताबाहेर जास्त आहेत.

आधी माणसे आणि त्यांची पद्धत. नाइल रॉजर्स गिटारवर, बर्नार्ड एडवर्ड्स बेस गिटारवर, टोनी थॉम्प्सन ड्रमवर : हे तीन खांब. रॉजर्सची तयारी जॅझच्या अंगाने झालेली, ‘सेसमी स्ट्रीट’च्या दौऱ्यावरच्या बँडमध्ये आणि हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या वाद्यवृंदात त्याने उमेदवारी केलेली, तरुणपणी ब्लॅक पँथर चळवळीतही तो होता. गाणाऱ्या स्त्रिया बदलत गेल्या. सर्वांत परिचित जोडी अल्फा अँडरसन आणि लुसी मार्टिन यांची. १९७७ मध्ये पहिला अल्बम आला, त्याच्या मुखपृष्ठावर बँड नव्हता, दोन मॉडेल होत्या. ही चलाखी समजून घेण्यासारखी आहे. ब्रिटनच्या रॉक्सी म्युझिकचा नीटनेटका, उंची पोशाखातला रुबाब रॉजर्सला भावला होता, आणि ‘किस’ बँडच्या रंगवलेल्या चेहऱ्यांमुळे सदस्य अनामिक राहतात हेही त्याने हेरले होते. कृष्णवर्णीय वादकांनी श्रीमंती थाटाचा मुखवटा घालायचा आणि त्याआड वाजवायचे ते वाजवायचे. व्हायोलिनवृंद हा त्या मुखवट्याचा ऐकू येणारा भाग होता. फिलाडेल्फियातल्या गॅम्बल आणि हफ यांच्या निर्मितीसंस्थेने तंतुवाद्यांचा तो मखमली गालिचा आधीच लोकप्रिय केला होता. रेडिओला तो ओळखीचा होता. शीकने तो घेतला, पण खाली वेगळेच काही मांडले.

ते वेगळे म्हणजे फंक. जेम्स ब्राउनने १९६५ ते १९६७ या काळात स्वरसंघांच्या क्रमाला जवळजवळ रजा देऊन प्रत्येक वाद्याला तालवाद्य करून टाकले. गिटारने सूर छेडायचे नाहीत, ठेका धरायचा. ब्रास वाद्यांनी फटका मारून गप्प बसायचे. आणि सगळ्यांनी मिळून पहिल्या मात्रेवर येऊन आदळायचे. आपल्या कानाला हे परके वाटू नये. तबल्याबरोबर गाणारा समेची वाट पाहतो, तशी फंकमधली वाद्ये पहिल्या मात्रेची वाट पाहतात, फरक एवढाच की इथे सम चार मात्रांत येते आणि पुन्हा पुन्हा येते. डिस्कोने या गोष्टीला सपाट केले. पायाच्या ड्रमचा ठोका चारही मात्रांवर सारखा, मग पहिली कोणती आणि तिसरी कोणती हे नाचणाऱ्याने मोजायचेच नाही. शीकने काय केले? पायाचा ठोका डिस्कोचा ठेवला आणि बेस व गिटार फंकची ठेवली. रॉजर्सचा उजवा हात आवर्तनाच्या सोळाव्या भागांवर अखंड वर-खाली फिरत राहतो, डावा हात तारा दाबतो, सोडतो, दाबतो; त्यामुळे ऐकू येणाऱ्या स्वरांइतकेच न वाजलेल्या, नुसत्या खरखरलेल्या तारांचेही वजन होते. एडवर्ड्सचा बेस तर सरळ गायचा. बँडच्या बहुतेक गाण्यांत लक्षात राहणारी धून बेसची असते, गायिकांची नसते. एखाद्या नृत्यबँडबद्दल हे विधान करणे धाडसाचे आहे, पण मी ते जबाबदारीने करतो.

पुरावा म्हणून ‘गुड टाइम्स’ घ्या. जून १९७९ मधली ही रचना. दोनच स्वरसंघ, आठ मिनिटे. वेग मिनिटाला सुमारे ११० ठोक्यांचा, म्हणजे त्या काळच्या नृत्यगृहांतल्या सरासरीपेक्षा चांगलाच संथ. बेस तीन ठाशीव स्वरांनी उघडतो, मग क्षणभर थांबतो, मग वळणे घेत वर चढतो. अल्बमवरच्या लांब आवृत्तीत मध्यावर सगळे निघून जाते, गायिका, व्हायोलिन, गिटार, आणि बेस, ड्रम व टाळ्या एवढेच उरतात. पुढे एकेक वाद्य परत येते. हा भाग नाचणाऱ्यांना दम घ्यायला ठेवला होता असे कोणी म्हणेल. माझ्या मते तिथे बँडने आपल्या घराचा आराखडाच दाखवला आहे. आणि तो आराखडा इतरांनी लगेच उचललाही. सप्टेंबर १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ त्याच बेसवर उभे राहिले, इतके उघडपणे की रॉजर्स आणि एडवर्ड्स यांना गीतकार म्हणून श्रेय द्यावे लागले. पुढच्याच वर्षी ‘क्वीन’च्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्ये तोच तीन ठोक्यांचा आरंभ ऐकू आला, त्यांचा बेसवादक जॉन डीकन शीकच्या स्टुडिओत येऊन बसत असे, हे एडवर्ड्सने सांगितले आहे. १९८१ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकड्या फिरवत केलेल्या आपल्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात ‘गुड टाइम्स’लाच मध्यभागी ठेवले. या मंडळींनी शीककडून काय घेतले, याकडे लक्ष द्या. व्हायोलिनसाठी कोणीही आले नव्हते. सजावट काढली तरी घर उभे राहते हे हिपहॉपच्या पोरांना आणि लंडनच्या रॉक वादकाला कळले, आणि मग स्वतः बँडलाही ते ठाऊक असणारच, असे अनुमान काढण्यात अतिशयोक्ती नाही.

‘गुड टाइम्स’ आले त्याच उन्हाळ्यात डिस्कोचा दशक्रियाविधी झाला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळात, स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. प्रेक्षक मैदानात घुसले आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला. त्या गर्दीत काळ्यांच्या आणि समलिंगींच्या संगीताबद्दलचा राग किती होता आणि निव्वळ टवाळी किती, यावर अजून वाद होतात. शीकपुरता परिणाम मात्र स्पष्ट आहे. ‘गुड टाइम्स’ ऑगस्टमध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि आठवड्याभरात तिथून उतरले. जागा घेतली ‘द नॅक’च्या ‘माय शरोना’ने. (जाता जाता : तेही गाणे एका उघड्याबोडक्या, ठोकून काढलेल्या गिटारच्या तुकड्यावर चालते. ऐकणाऱ्यांना कृश संगीत हवेच होते. फक्त ते रॉक या नावाखाली हवे होते.) वर्ष संपण्याआधी अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीने शीकच्या लोकप्रिय गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. पहिला अल्बम येऊन जेमतेम दोन वर्षे झालेल्या बँडचा संग्रह! तिथे जो पूर्णविराम पडला तो पुढच्या समीक्षकांनी तसाच नकलून घेतला.

‘रिअल पीपल’ ही त्या पूर्णविरामाला दिलेली पहिली, काहीशी चिडकी प्रतिक्रिया. रॉजर्स आणि एडवर्ड्स आपल्या गाण्यांत दडलेल्या अर्थाबद्दल नेहमी बोलत. वरवर मेजवानीचे वाटणारे ‘गुड टाइम्स’ही महामंदीच्या काळातल्या गाण्यांचे प्रतिध्वनी मुद्दाम घेऊन आले होते. इथे तो आडपडदा बराच कमी होतो, बंडखोरीची आणि ढोंगी माणसांबद्दलच्या उबगाची भाषा शीर्षकांतच दिसते. संगीतात व्हायोलिन अजून आहेत, पण त्यांच्या शेजारी रॉक पद्धतीची एकल गिटार येऊन उभी राहते. माझ्या मते ही गिटार चुकीच्या दिशेने उचललेले पाऊल आहे. ज्या श्रोत्यांनी बँडला नाकारले त्यांच्याच बोलीत त्यांना उत्तर देण्याचा तो प्रयत्न आहे, आणि रॉजर्सचे खरे सामर्थ्य लांबलचक एकलवादनात कधीच नव्हते. अल्बम तरीही टाकाऊ नाही. बेस आणि ड्रम यांचा आवाज इथे आधीपेक्षा कोरडा आणि जवळचा झाला आहे, आणि पुढच्या वर्षाची चाहूल त्यात आहे.

ती चाहूल १९८१ च्या ‘टेक इट ऑफ’मध्ये खरी ठरते. तंतुवाद्ये मागे सरतात. गायिकांना आता लांब, तरंगत्या ओळी मिळत नाहीत. त्या छोटे, तुटक तुकडे फेकतात आणि बाजूला होतात, जशी फंकमधली ब्रास वाद्ये होतात. ‘स्टेज फ्राइट’ आणि ‘बर्न हार्ड’ या दोन गाण्यांवर कान ठेवला तर फरक लगेच जाणवतो : पूर्वी वाद्यांच्या मधल्या जागा भरून काढायला कोणीतरी असे, आता त्या जागा मोकळ्या ठेवलेल्या आहेत आणि गाणे त्या मोकळ्या जागांवर डोलते. थॉम्प्सनचे ड्रम हे या अल्बमचे मोठे बळ. हा माणूस नाजूक वाजवणारा नव्हता. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मध्ये लेड झेपेलिनचे उरलेले सदस्य एकत्र आले तेव्हा फिल कॉलिन्सबरोबर ड्रमवर त्याला बसवले, यावरून त्याच्या हाताचे वजन कळावे. डिस्कोच्या दिवसांत हे वजन व्हायोलिनच्या रजईखाली झाकले गेले होते. रजई काढल्यावर रॉजर्सची गिटारही वेगळी ऐकू येते. ती आता चमकत नाही, खरवडते. आणि एडवर्ड्स, ज्याला मी या बँडचा मेंदू मानतो, तो कमी स्वर वाजवू लागतो. प्रसिद्धीच्या शिखरावर असताना अधिक वाजवणे आणि घसरणीच्या काळात कमी वाजवणे, ही घाबरलेल्या वादकाची खूण नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप असा : १९८१ मध्ये सगळेच कृश झाले होते. प्रिन्सचा ‘डर्टी माइंड’ आणि ‘झॅप’चा पहिला अल्बम १९८० चा, रिक जेम्सचा ‘स्ट्रीट साँग्ज’ १९८१ चा. मग शीकने वारा पाहून पाठ फिरवली, एवढेच ना? या आक्षेपात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. ‘टेक इट ऑफ’वर काळाचे ठसे आहेतच. पण क्रम पाहा. बेस, ड्रम आणि टाळ्या यांच्यावर गाणे पेलून धरण्याचा प्रयोग शीकने १९७९ मध्ये, यशाच्या ऐन भरात, कोणतीही निकड नसताना केला होता. शिवाय वर उल्लेखलेल्या इतरांची वाट वेगळी आहे. झॅप आणि प्रिन्स यांनी वाद्यवृंदाच्या जागी सिंथेसायझर आणला. शीकने त्या जागी फारसे काही आणले नाही. ‘टेक इट ऑफ’मध्ये कळफलक आहेत, पण अल्बमचा कणा तीन माणसांनी हातांनी वाजवलेला आहे. इतरांकडून घेतलेली गोष्ट इतकी आपल्या प्रकृतीची होत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. खप घसरला, पैसा आटला, व्हायोलिनवृंद परवडेना. त्याला तुम्ही सौंदर्यदृष्टी म्हणता. याचे उत्तर मे १९८० च्या ‘डायाना’ अल्बममध्ये आहे. डायाना रॉससाठी रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी तो मोटाउन कंपनीच्या पाठबळावर केला. पैशाची ददात नव्हती. तरी ‘अपसाइड डाउन’ हे मूलतः गिटार आणि बेसचे गाणे आहे, व्हायोलिन तिथे फटकाऱ्यासारखी येऊन जातात. इतके की रॉस आणि कंपनी अस्वस्थ झाल्या, आणि मोटाउनने स्वतः पुन्हा मिश्रण करून तिचा आवाज पुढे आणला. मूळ मिश्रण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून ऐकता आले, आणि निर्मात्यांचा कल कुठे होता याबद्दल शंका राहिली नाही. आर्थिक चणचणीने एखाद्या निर्णयाला निमित्त मिळते. निर्णयाचा आकार ती ठरवत नाही. हातात भरपूर असताना ज्यांनी कमी वापरले, त्यांनी हातात थोडे असताना कमी वापरले याला मजबुरी म्हणणे अर्धवट आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अडवतो : गाणी तेवढी चांगली नाहीत. शीकचे ‘ल फ्रीक’ बिलबोर्डच्या यादीत तीन वेगवेगळ्या वेळा पहिल्या क्रमांकावर गेले. ‘टेक इट ऑफ’ला अल्बमच्या यादीत पहिल्या शंभरातही जागा मिळाली नाही. खप हा कलेचा पुरावा नव्हे हे म्हणणे सोपे आहे, पण पळवाटेचे आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर ध्रुपदे कमजोर झाली आहेत, हे खरे. एकदा ऐकून गुणगुणता येईल असे ‘टेक इट ऑफ’मध्ये फार थोडे आहे, ‘टंग इन शीक’ विस्कळीत आहे, आणि ‘बिलीव्हर’मध्ये यंत्रांचा शिरकाव झाल्यावर थॉम्प्सनसारख्या ड्रमवादकाचे काय करायचे हेच बँडला कळेनासे झालेले दिसते. रॉजर्सने आपल्या आत्मचरित्रात त्या वर्षांतल्या कोकेनबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. तो आणि एडवर्ड्स एकाच वेळी कितीतरी इतरांची निर्मितीही करत होते, १९८१ मध्येच गायिका डेबी हॅरीचा ‘कूकू’ अल्बम त्यांच्या हातून गेला. शक्ती वाटली गेली होती. पण या सगळ्यावरून निष्कर्ष एवढाच निघतो, की धुना कमी पडल्या. संगीत बांधण्याची रीत चुकीची होती असे सिद्ध होत नाही. धुना ज्याच्याकडे होत्या त्याने तीच रीत वापरली तेव्हा काय झाले, हे तपासले पाहिजे.

तो माणूस म्हणजे डेव्हिड बोवी. १९८३ चा ‘लेट्स डान्स’ रॉजर्सने न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत केला, म्हणजे शीकच्याच कार्यशाळेत, आणि ध्वनिमुद्रक बॉब क्लिअरमाउंटन हाही जुना सोबती. काही गाण्यांत ड्रमवर थॉम्प्सन, एका गाण्यात बेसवर एडवर्ड्सही आहे. मोकळ्या जागा, कोरडा आणि जड ड्रम, मोजकी गिटार : दोन वर्षांपूर्वीच्या ‘टेक इट ऑफ’ची रचनापद्धती, गोऱ्या ब्रिटिश गायकाच्या चेहऱ्यासह. तो बोवीच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. आता एक तारीख जोडून पाहा. एमटीव्ही वाहिनी सुरू झाली १ ऑगस्ट १९८१ रोजी, ‘टेक इट ऑफ’च्या काही महिने आधी, आणि पहिली दीड-दोन वर्षे तिने कृष्णवर्णीय कलावंतांना जवळजवळ दारातच थांबवले. १९८३ मध्ये एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत याचा जाब विचारणारा माणूस बोवी होता. त्याचे कौतुक आहेच. पण ज्या बँडच्या कारागिरीवर त्याचा तो अल्बम उभा होता, त्या बँडला त्या पडद्यावर जागा नव्हती, ही गोष्ट मुलाखतीत आली नाही. रॉक रेडिओ शीकला डिस्को म्हणून बाहेर ठेवत होता, आणि नव्या हिपहॉपच्या श्रोत्यांना त्यांचे १९७९ चे बेस पुरेसे होते, १९८१ चे नको होते. दोन्हीकडून दारे बंद, आणि मधे एक बँड आपल्याच शोधाची किंमत दुसऱ्यांच्या तबकड्यांवर वसूल होताना पाहत होता. पुढे डुरान डुरान, मॅडोना, रॉबर्ट पामर या सगळ्यांकडे त्या कारागिरीचे तुकडे पोचले. पामर गात असलेल्या ‘द पॉवर स्टेशन’ या १९८५ च्या बँडमध्ये तर थॉम्प्सन वाजवत होता आणि निर्माता एडवर्ड्स होता. शीकचे नाव त्यांच्या मुखपृष्ठावर नव्हते, त्यामुळे कोणाला अडचण आली नाही.

रॉजर्सच्या आजच्या मैफलींमध्ये १९७७ ते १९७९ चा शीक असतो आणि नंतरचे बोवी, डायाना रॉस, मॅडोना असतात. मधल्या चार वर्षांची शीकची स्वतःची गाणी क्वचित. कलावंतालाच नको असेल तर आपण कशाला वकिली करायची, असा शेवटचा आक्षेप घेता येईल. मैफल ही श्रोत्यांच्या ओळखीवर चालते. ती कलावंताचा निवाडा मानू नये. एडवर्ड्सचा निवाडा आता मिळणारही नाही. एप्रिल १९९६ मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात रॉजर्सबरोबर वाजवल्यानंतर न्यूमोनियाने तो गेला. थॉम्प्सन २००३ मध्ये. अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने शीकला अकरा वेळा नामांकन दिले, प्रवेश दिला नाही, आणि २०१७ मध्ये एकट्या रॉजर्सचा वेगळा सन्मान करून विषय मिटवला. तिघांनी मिळून केलेले काम एकाच्या नावावर नोंदवण्याची ही रीत मला पटत नाही.

१९८२ मध्ये रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी ‘सूप फॉर वन’ नावाच्या, आज कोणाला आठवत नसलेल्या चित्रपटासाठी शीर्षकगीत केले होते. त्यातला गिटारचा छोटा तुकडा २००० मध्ये मोजो या फ्रेंच जोडीने उचलून ‘लेडी’ हे गाणे केले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. शीकचे ज्या वर्षांत फारसे काही खपले नव्हते, त्याच वर्षांतला हा अठरा वर्षे जुना माल होता. आपल्यापैकी कोणाला हे सगळे स्वतःच्या कानांनी पारखायचे असेल, तर ‘ल फ्रीक’पासून सुरुवात करू नये. ‘गुड टाइम्स’ची आठ मिनिटांची आवृत्ती लावावी, मधल्या भागात बेस आणि ड्रम एकटे उरतात तिथे नीट लक्ष द्यावे, आणि लगेच त्यामागे ‘बर्न हार्ड’ लावावे. ‘रिअल पीपल’ त्यानंतर ऐकला तरी चालेल, ‘बिलीव्हर’ नाही ऐकला तरी फार बिघडत नाही.